मुख्य चालक

अठरा वर्षांची पोरगी गाडी चालवणार म्हटल्यावर विमा एजंटने हप्ता सांगितला. बाबांना वाटलं, हा नवीन गाडीचा भाव सांगतोय.

बाबांचे दोन्ही डोळे अधू झालेले. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायला आता पोरीशिवाय कुणी नव्हतं.

"काका, कागदावर मुख्य चालक तुम्हीच राहा," एजंट म्हणाला. "तीस वर्षांत एकही अपघात नाही, हप्ता निम्म्यावर येईल. फक्त पोरीला सांगा, कुठे ठोकू नकोस. ठोकली तर चौकशी होईल आणि छदाम मिळायचा नाही."

"सही कुठे करू?"

एजंटने त्यांचं बोट धरून रेघेवर टेकवलं. "तुमच्याइतका सुरक्षित चालक शोधून सापडणार नाही."

"खरंय. चार महिन्यांत गाडीला हातसुद्धा लावलेला नाही."

सोमवारी आईला डायलिसिसला नेताना बाबा पुढच्या सीटवर ताठ बसले. पोरगी इतकी जपून चालवत होती, की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

"अजून हळू," बाबा म्हणाले. "ओरखडासुद्धा परवडायचा नाही."

पोचायला पन्नास मिनिटं उशीर झाला. मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. "आता परवा या," म्हणत नर्सने दार लावलं.

परत गाडीत बसल्यावर मागून आईचा श्वास ऐकू येऊ लागला. पाण्यातून बुडबुडे यावेत तसा. बाबांनी थोडा वेळ ऐकलं.

"मोठ्या हॉस्पिटलात घे," ते म्हणाले. "आणि पळव. ठोकलीस तरी चालेल."