धक्क्याजवळचं पाणी

"बाबा, हे पाणी कुठलं?"

बाबा प्रयोगशाळेच्या दारातच थांबले होते. "कुठलं म्हणजे? समुद्रातलं! मी काय नळाखाली बाटली धरली?"

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. काढला असता तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. काचेवर प्लवक, पाण्यात तरंगणारे ते सूक्ष्म जीव, नुसते बुजबुजले होते. पण हे होते धक्क्याच्या खांबांपाशी, गढूळ पाण्यात वाढणारे. खोल समुद्रात ते औषधालाही सापडत नाहीत.

दर आठवड्याला बाबा माझी बारीक कापडी जाळी खोल पाण्यातून ओढतात आणि त्यात अडकेल ते बाटलीत भरून आणतात. प्लवक भरपूर असले तर त्यांच्यावर छोटी मासळी पोसते, छोटीवर मोठी. नसले तर पुढे सगळा आनंदीआनंद. यंदा मासेमारी सुरू होणार की बंदच राहणार, हे आजच्या बाटलीवर ठरायचं होतं. गेला हंगामही बंदच होता. वर्षभर बाबांच्या बोटीने माझ्या बाटल्यांखेरीज काही वाहिलं नव्हतं.

"बाटली धक्क्यावर भरलीत ना?"

ते एकदम भडकले. "हो, भरली! तिकडची पार कोरी आली, म्हणून भरली. चार किडे जास्त दिसले तर कुणाचं काय बिघडतं? खलाशी दुसरीकडे कामं शोधायला लागलेत. अजून एक हंगाम बोट उभी राहिली तर कुजेल ती. आणि तिच्याबरोबर मी."

"खाली खायला काही नाही, त्यात उरलीसुरली मासळीही तुम्ही ओढून आणलीत, तर पुढच्या वर्षी अंडी कोण घालणार? मी?"

एरवी ते खो खो हसले असते. आज हसले नाहीत. मला रडू येत होतं आणि त्यांचा भयंकर रागही आला होता. मी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली.

"चला. मीही येते."

बोट खोल पाण्यात आली. जाळीच्या दोरीला मी हात लावला, तर त्यांनी कोपरानेच मला बाजूला सारलं. पहिल्या खेपेला काही नाही. "इथे नाही. जरा पुढे. तिथे पाणी कायम हिरवंगार असतं," ते म्हणाले आणि बोट पुढे नेली. तिथे त्यांनी जाळी हळूहळू, जपून वर काढली, तीनतीनदा धुतली, आणि बाटली भरून उन्हात धरली.

बाटलीतून पलीकडची त्यांची बोटं स्वच्छ दिसत होती. नखांत अडकलेलं ग्रीससुद्धा.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी झाकण घट्ट लावलं, सदऱ्याच्या टोकाने बाटली पुसली आणि माझ्या हातात दिली.

"नीट धर. सांडशील."

धक्क्यावर खलाशी वाटच बघत होते. "काय मग, कधी निघायचं?" एकाने ओरडून विचारलं.

बाबा खाली वाकून बोट बांधायला लागले. एरवी ते एकच गाठ मारतात. आज त्यांनी एक मारली, त्यावर दुसरी मारली, ओढून बघितली, आणि मग तिसरी मारली.