टोबीचा वास घ्यायला कोण येणार

व्हर्लिन टॉस्ट्रुडला कसलाच वास कळत नसे. पस्तीस वर्षांपूर्वी एका खेचराने कपाळावर लाथ मारली आणि जाताना तेवढं घेऊन गेलं. मोंटानात घोडे पाळणाऱ्या माणसाचं त्यावाचून काही अडत नाही.

या वसंतात मात्र अडलं. कॅफेत तो बसला की शेजारची स्टुलं रिकामी व्हायची. चर्चमध्ये अख्खा बाक त्याचा एकट्याचा. लोकांचं सोडा, पण अ‍ॅडलीनसुद्धा आपली बशी उचलून दुसऱ्या टेबलावर गेली, तेव्हा त्याच्या काळजात चर्र झालं. त्याच्यासारखीच तीही एकटी. तिला नाचायला चला म्हणायचं तो दोन वर्षं घोकत होता. मग तो रोज सकाळी टोबीच्या गळ्यात पडून रडगाणं गाऊ लागला, आणि टोबी त्याच्या खांद्यावर नेहमीपेक्षा जास्तच नाक घासू लागला. फार प्रेमळ घोडा.

घोड्यांना लस टोचायला आलेली डॉक्टर रेनी तबेल्याच्या दारातच थबकली.

"काका, हा वास कधीपासून?"

"कसला वास?"

"तुमच्या शर्टाला येतोय तो. टोबीची डावी नाकपुडी बघा जरा."

टोबीची दाढ मुळाशी सडली होती आणि तिच्यावरची हाडातली पोकळी पुवाने गच्च भरली होती. दुसऱ्या दिवशी रेनीने त्याला उभ्या-उभ्या गुंगी दिली, दाढ उपटली, हाडाला भोक पाडलं आणि नळीने मिठाचं पाणी सोडलं. टोबी शिंकला. त्याचं डोकं धरून उभ्या असलेल्या व्हर्लिनचं काय झालं, ते न सांगितलेलंच बरं.

"दहा दिवस रोज असं धुवायचं," रेनी लांबूनच म्हणाली. "वास कमी होतोय का बघत राहा. म्हणजे तुम्ही नाही, नाक चालणारं कुणीतरी."

व्हर्लिनने दोनदा आंघोळ केली आणि अ‍ॅडलीनचं दार वाजवलं.

"दोन वर्षं तुम्हाला एक विचारायचं होतं," तो म्हणाला, आणि ऐन वेळी त्याने कच खाल्ली. "माझ्या घोड्याच्या नाकाचा वास घ्यायला याल का?"

"मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं," अ‍ॅडलीन म्हणाली.

ती आली, नाकाला कपड्यांचा चिमटा लावून. तो क्षणभर काढायची, हुंगायची, "अगं आई गं" म्हणून परत लावायची. मग दोघं कॉफी प्यायची. रोज.

दहाव्या दिवशी पाणी स्वच्छ आलं. रेनीने नळी काढली आणि निघून गेली. व्हर्लिनचा चेहरा पडला.

"झालं म्हणायचं," तो म्हणाला. "उगाच तुम्हाला रोजचा त्रास."

अ‍ॅडलीनने चिमटा खिशात टाकला, टोबीची नाकपुडी हुंगली, मग वाकून व्हर्लिनचा खांदाही हुंगला. जरा सावकाशच.

"टोबीचा गेलाय. तुमच्या शर्टाला अजून थोडा येतोय. उद्या येऊन बघते."

शर्ट नवा होता. सकाळीच पाकिटातून काढलेला, घड्याही मोडल्या नव्हत्या.