बिब्ब्याचा डाग

डॉक्टरांनी उत्कर्षाच्या नडगीवरचं फडकं सोडलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. हाडातली गाठ जिथून सुई घालून जाळायची होती, नेमकी तिथली कातडी सोलवटून निघाली होती. कडेनं पू धरला होता.

"हे कुणी केलं?"

"बिब्बा घातला," तिचा बाप मच्छिंद्र म्हणाला. "दुखणं ओढून घेतो म्हणून."

"अस्सं. मग ऑपरेशनही बिब्ब्यालाच सांगायचं. शनिवार पेठेपर्यंत कशाला आलात?"

मच्छिंद्रनं मान खाली घातली. वाकडच्या त्याच्या रानात आता कंपन्यांच्या काचेच्या इमारती होत्या. पण कंबर धरली, पाय मुरगळला, की घरात अजून बिब्बाच निघे.

"मी गोळ्या दिल्या होत्या ना? जेवल्यावर द्या, रडायची वाट बघू नका, असं बजावलं होतं."

"न्हाई दिल्या. हिची आई कंबरंसाठी असल्याच गोळ्या खायची, दुकानातनं आणून. वर्षानुवर्षं. किडन्या गेल्या तिच्या. पोरीला कशा देऊ?"

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "अहो, हे आधी बोलायचं. हिचं रक्त तपासून, वजन बघून गोळी दिली होती."

"साधी गाठ हाय म्हणाला होता तुम्ही. साध्या गाठीला एवढं दुखतंय व्हय?"

"कॅन्सर नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुखणं साधं नसतं. आता ही जखम भरेपर्यंत सुई घालता येणार नाही. हाडात पू गेला तर पाय धोक्यात येईल."

"म्हणजे आज न्हाई?" उत्कर्षानं विचारलं. ऑपरेशन झालं की मला रात्री झोप लागणार, असं ती शेजारच्या इंदुबाईंना सांगून आली होती.

डॉक्टर जखम पुसू लागले. बिब्बा घालतानाही ती ओरडली नव्हती. "निघतंय ना, पप्पा?" एवढंच दात आवळून विचारत होती.

बाहेरच्या बाकावर त्यानं तिला डब्यातली चपाती भरवली आणि दवाखान्यातून घेतलेली गोळी दिली. बऱ्याच वेळानं तिच्या कपाळावरची आठी सुटली. भर दुपारी, माणसांच्या वर्दळीत, ती त्याच्या मांडीवर गाढ झोपली. कित्येक महिन्यांत ती अशी झोपली नव्हती. आणि गोळ्या तर सगळा वेळ घरातच होत्या, फळीवर, तिच्या आईच्या फोटोमागं.

किडन्या गेल्या तेव्हा सुशीलाचे, त्याच्या बायकोचे, आधी पायच सुजले होते. मच्छिंद्र लेकीच्या घोट्यावर अंगठा दाबून बघत राहिला, खळगा पडतोय का ते.