वाटी मोठी, गोळा लहान

ताईनं ट्रेलर स्वतः बांधायचं ठरवलं, तेव्हा तिची आई म्हणाली, "विकत मिळतात ना? मग हा उपद्व्याप कशाला?"

"मिळतात. पण मला हवा तसा मिळत नाही."

गल्लीत सगळेच तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा मोठेसुद्धा. तिची रोपवाटिका होती. मातीची पोती, कुंड्या, डोक्याएवढी वाढलेली झाडं, सगळं तिच्या जुन्या गाडीत कोंबून न्यावं लागे. गाडीत माती, सीटवर माती, तिच्या कानात माती. तिला मागे जोडायचा एक बुटका, उघडा ट्रेलर हवा होता. मागची फळी खाली पाडली की झाडाची कुंडी सरळ ढकलत वर नेता येईल असा.

भंगारवाल्याकडून तिनं दोन चाकांचा एक जुना आस मिळवला. वेल्डिंग तिला येत होतं. रोपवाटिकेचे सगळे मांडव तिनंच जोडलेले. सांगाडा उभा राहिला तसा कायद्याचा भाग सुरू झाला. घरी बांधलेला ट्रेलर रस्त्यावर आणायचा, तर तो कोणी बांधला, किती वजन पेलतो, टायर तेवढ्या वजनाचे आहेत का, मागचे दिवे गाडीच्या ब्रेकबरोबर लागतात का, लाल त्रिकोण कुठे बसवलेत, नंबरपाटीवर उजेड पडतो का, हे सगळं तपासून घ्यावं लागतं. ताई नियम वाचत बसे आणि वाचलेलं सगळं करी. ट्रेलरच्या दांडीवर नेमका किती भार येतो हे बघायला तिनं न्हाणीघरातला वजनकाटा दांडीखाली ठेवला आणि पोती पुढे-मागे सरकवत राहिली. भार मागे गेला की दांडी वर उचलते, हे तिला तिथं अंगणात उकिडवं बसून कळलं.

"बाई, ही पोरगी ट्रेलरला डाएटवर ठेवतेय," आई शेजारणीला म्हणाली.

धाकट्या भावाला मात्र या सगळ्याचं फार कौतुक. त्याला घरात धांदल्या म्हणत. तो स्वतःच्या लग्नाला जाताना उलट्या दिशेच्या बसमध्ये बसला होता, आणि ती गोष्ट तोच सगळ्यांत रंगवून सांगे. किल्ल्या, छत्र्या, पाकिटं ही त्याच्यापाशी टिकतच नसत. "देवानं मेंदू वाटला तेव्हा मी रांगेत होतो, पण चुकीच्या," असं म्हणून तो हसायचा. ताई घरातली शहाणी, तो घरातला वेंधळा. वाटणी लहानपणीच झाली होती, आणि दोघांनाही तिची सवय होती.

तपासणीच्या दिवशी ताईची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून हार्डवेअरवाल्याची गाडी मागून आणली. तपासनीस बाई कडक होत्या. खाली वाकून टॉर्च मारत त्यांनी सगळं पाहिलं, ट्रेलरच्या तोंडाची लोखंडी वाटी गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर नीट बसते का पाहिलं, खटका, खटक्यातली पिन, ट्रेलर सुटलाच तर धरून ठेवणाऱ्या दोन्ही साखळ्या ओढून पाहिल्या. "छान बांधलाय," त्या म्हणाल्या. "मात्र लक्षात ठेवा, दुसऱ्या गाडीला जोडाल तेव्हा आधी गोळ्याचं माप बघा. वाटीवर आकडा आहे, गोळ्यावरही असतो. दोन्ही एकच हवेत."

ताईनं घरी येऊन आपल्या गाडीच्या गोळ्यावरची माती पुसली. आकडा वेगळा होता. वाटी मोठी, गोळा लहान. फरक थोडासा, पण होता. ट्रेलर जोडला, खटका लागला, पिनही गेली. हलवला की आत बारीक खडखड व्हायची. शिवाय तिच्या जुन्या गाडीला साखळ्या अडकवायला कड्याच नव्हत्या, म्हणून तिनं त्या गोळ्याच्या मानेभोवती गुंडाळल्या. गोळा बदलायला तिनं पाना लावला. नट गंजून धरला होता. तिनं जोर लावला, पाना निसटला, बोटं सोलली. पुढच्या आठवड्यात बघू, असं ठरलं. मग कुठल्याशा ऑफिसच्या झाडांची मोठी ऑर्डर आली, ट्रेलर रोज धावू लागला, आणि खडखडीची तिच्या कानांना सवय झाली.

त्या दिवशी ती रोपं भरण्यात गुंतली होती. धांदल्याला सुट्टी होती. "ताई, तुझी गाडी दे, मातीची पोती मी पोहोचवतो. नाहीतरी घरी बसून बायकोची बोलणी खातोय."

ताईनं पोती स्वतः रचली, जोडणी मात्र त्याला करू दिली. "खटका लाव. पिन घाल."

"लावतो गं."

बेकरीच्या चढावर, माथ्यावरच्या गतिरोधकापाशी गाडी हिसका देऊन पुढे गेली आणि ट्रेलर सुटला. साखळ्याही गोळ्याच्या मानेवरून सरकल्या. मातीनं भरलेला ट्रेलर उतारावरून मागे घरंगळत बेकरीच्या दारात गेला. बेकरीवाला दुकानाबाहेर रिकामे ट्रे उचलत होता. भिंत आणि ट्रेलर यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला.

रोपवाटिका दोनच गल्ल्या पलीकडे होती. आरडाओरडा ऐकून ताई धावत पोहोचली. लोकांनी ट्रेलर ढकलून बेकरीवाल्याला सोडवलं होतं. तो पायरीवर पांढराफटक पडून होता, बेकरीवाली त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि धांदल्या रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी स्वतःचे केस धरून म्हणत होता, "काका, मी... काका, मी..."

ताईची नजर ट्रेलरच्या तोंडाकडे गेली. खटका बंद होता. पिन जागच्या जागी होती.

तिला सगळं कळलं. कळायला एक श्वासही लागला नाही. मोठी वाटी लहान गोळ्यावरून उसळून निघाली होती. भावानं सांगितलं तेवढं सगळं केलं होतं.

मग कोणीतरी ओरडलं, रुग्णवाहिकेला वाट द्या. हार्डवेअरवाल्यानं आपली गाडी मागे घेतली. ट्रेलर तिला जोडून बाजूला ओढायचा, म्हणून ताईनंच पिन काढली, खटका उघडला. यात लपवाछपवी नव्हती, खरंच वाट हवी होती. ट्रेलर बाजूला ओढून पुन्हा सुटा केला. पोलीस आले तेव्हा खटका उघडा होता आणि पिन दोरीला लोंबकळत होती.

"खटका लावला होता का?" पोलिसानं धांदल्याला विचारलं.

धांदल्यानं लोंबणाऱ्या पिनेकडे पाहिलं. "लावला असेल... लावला होता बहुतेक. मला... मला आठवत नाही."

पोलिसानं ताईकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं. मग पोलीस लिहायला लागला, धांदल्याचा परवाना ठेवून घेतला, आणि बोलायची वेळ निघून गेली. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

आईनं घरी धांदल्याला फाडून खाल्लं. "एक काम, एक काम सांगितलं होतं तुला! तिनं एवढ्या जिवानं बांधला, नियमानं बांधला. हिच्या हातून झालं असतं का असं?" धांदल्या मान खाली घालून बसला होता. ताई म्हणाली, "आई, पुरे." सगळ्यांना वाटलं, किती मोठं मन.

दुसऱ्याच दिवशी तिनं गोळा बदलला. नटावर तेल सोडलं, ज्योत धरली, पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला. नट करकरला आणि सुटला. इतके दिवस टाळलेलं काम चहा निवायच्या आत झालं. योग्य मापाचा गोळा बसवून, नव्या कड्या वेल्ड करून ती तिथंच जमिनीवर बसली. जुना गोळा तिच्या हातात होता, आणि कोणासाठी हे केलं याचं उत्तर तिला स्वतःला द्यावंसं वाटेना.

बेकरीवाल्याच्या नडगीत लोखंडी पट्टी बसवली. उभं राहायला महिने लागणार होते. दवाखान्यातून तो घरी आला त्या सकाळपासून धांदल्या बेकरीत जाऊ लागला. कोणी बोलावलं नव्हतं. बेकरीवाली पहिल्या दिवशी म्हणाली, "तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला." तो म्हणाला, "नका बघू, काकू. मी पाठ करून मळतो." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून कणीक मळत राहिला. तिथून अंघोळ करून स्वतःच्या नोकरीवर. हळूहळू काकू त्याला हाक मारू लागली, मग ओरडू लागली, मग त्याच्यासाठी पाव बाजूला काढून ठेवू लागली.

ताई अधूनमधून बेकरीत जाई. पाव घ्यायचा बहाणा. धांदल्याचं विनोद करणं थांबलं होतं. भट्टीचं दार लावलं की तो परत येऊन हात लावून बघे. पुन्हा चार पावलं जाई, पुन्हा येई. शटर, नळ, दिवा. ओठ हलत असायचे; "लावलं, लावलं," असं स्वतःशी म्हणत असायचा. बसमध्ये चढला की दोघादोघांना विचारी, ही बस कुठे जाते. लग्नाची गोष्ट आता तो सांगत नसे, आणि दुसऱ्या कोणी काढली तर उठून जाई.

ताईला झोप लागेना. रोपांना दोनदा पाणी घातलं जाई, कधी अजिबातच नाही. आज सांगते, असं ती रोज सकाळी ठरवी. पण रोज सांगायची गोष्ट एक दिवसानं मोठी होत होती. आधी फक्त गोळा होता. मग गोळा आणि गप्प बसणं. मग गोळा, गप्प बसणं, आणि आईच्या तोंडून ऐकून घेतलेलं कौतुक.

एका सकाळी धांदल्या आपल्या मुलीला घेऊन रोपवाटिकेच्या दारात आला. पोरगी पहिलीत होती, पाठीवर दप्तर.

"ताई, हिला शाळेत सोडशील? रोज. तुझ्या वाटेवरच आहे."

"सोडेन की. तुला काय झालं? तू सोडतोस ना?"

"हिच्या आईलाही म्हटलंय मी, तिला जमेल तेव्हा तिनं न्यावं." तो मुलीच्या दप्तराचा पट्टा नीट करत राहिला, वर बघेना. "मोठा रस्ता आहे गं मध्ये. मी हात धरलाय असं मला वाटेल, आणि... मला खात्री नाही देता येत. माझ्या हातात नको ती."

पोरगी म्हणाली, "बाबा हात इतका घट्ट धरतो की दुखतो."

ताईनं तिला शाळेत सोडलं. परत येताना ती रोपवाटिकेत गेलीच नाही. जुना गोळा गाडीच्या डिकीतच होता. तो घेऊन ती बेकरीत शिरली. बेकरीवाला खुर्चीत पाय लांब करून बसला होता, काकू ट्रे भरत होती. धांदल्या हात धूत होता.

तिनं गोळा टेबलावर, पिठात ठेवला.

"तू पिन घातली होतीस," ती म्हणाली.

धांदल्याला कळेना. "काय?"

"खटका लावला होतास. पिन घातली होतीस. मी पाहिली, खटका बंद होता. ट्रेलर ओढायला मी उघडला. हा गोळा लहान होता. वाटी मोठी. मला माहीत होतं. तपासणीलाच सांगितलं होतं मला. मी बदलला नाही."

नळ चालूच होता. काकूनं तो बंद केला.

"म्हणजे मी लावला होता?"

"हो."

"पिनसुद्धा?"

"पिनसुद्धा."

तो पिठाच्या पोत्यावर बसला. क्षणभर त्याचा चेहरा असा मोकळा झाला की ताईला वाटलं, आता हा हसणार. मग त्यानं विचारलं, "तू कधी पाहिलीस?"

"तेव्हाच."

"तेव्हा म्हणजे पोलिसांच्या आधी?"

ताईनं मान डोलावली.

"मी तुझ्यासमोर उभा होतो," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "मी म्हटलं मला आठवत नाही. तू समोर होतीस." तो उठला, एप्रन सोडून खुंटीला लावला आणि निघून गेला. या वेळी दार लावून परत बघायला आला नाही.

बेकरीवाला टेबलावरच्या गोळ्याकडे बघत होता. "माझा पाय कोणामुळे मोडला, यानं पायाला काही फरक पडत नाही," तो म्हणाला. "पण या पोराला मी मनात रोज शिव्या घातल्यात. आणि त्यानं मळलेल्या कणकेचा पाव विकलाय. त्याचं काय करू, सांगा."

काकू म्हणाली, "आता इथं रडू नका. जिथं सांगायचं तिथं जाऊन सांगा."

ती पोलिसांत सांगून आली. पोलिसांनी बोलावलेल्या तपासनीस बाईंनी गोळ्यावरचा आकडा वाचला, आणि कागद पुढे ओढण्याआधी म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतं."

धांदल्यावरचा ठपका निघाला, त्याचा परवाना त्याला परत मिळाला. खटला ताईवर उभा राहिला: माप माहीत असून वापरलं, आणि वरून माहिती दडवली, गोळा बदलला. ट्रेलर जप्त झाला. तिला गाडीमागे काही ओढायची बंदी आली. बेकरीवाल्याच्या औषधपाण्याचा खर्च तिच्याकडे आला, आणि तो तिनं न कुरकुरता घेतला. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी त्याला काय काय बोलले. तू मला बोलू दिलंस." त्यानंतर आईनं कधी दोघांची तुलना केली नाही. 'हिच्या हातून झालं असतं का' हे वाक्यच घरात संपलं.

ताईनं काकूला विचारलं, मी येऊ का सकाळी मळायला? काकू म्हणाली, "नको. तो येतो अजून." धांदल्या खरंच जात होता, आता आपखुशीनं, आणि भिंतीकडे तोंड न करता. ताई आली की मात्र मागच्या दारानं बाहेर पडे.

शाळेत मुलीला तोच सोडू लागला होता. एकदा त्याची गाडी रोपवाटिकेसमोर थांबली. तो आतच बसून राहिला, समोर बघत, इंजिन चालू ठेवून. पोरगी उतरून धावत आली. "आत्या, शाळेत न्यायला एक रोप हवंय. बाईंनी सांगितलंय."

ताईनं चांगलं निरोगी रोप निवडलं, कुंडी कागदात गुंडाळली, हातात नीट दिली. "रविवारी येऊ का गं तुमच्याकडे? विचारशील बाबाला?"

"मी आधीच विचारलं. तो म्हणाला, इतक्यात नको."

"इतक्यात म्हणाला?"

"हो ना," पोरगी म्हणाली, आणि रोप छातीशी धरून गाडीकडे पळाली.