नळीचं दुसरं टोक

विजेच्या ब्रेकरमधला गॅस विषारी झाला असेल, तर तपासणीच्या काचेच्या नळीतून तो खेळवताच तिचा पांढरा रंग पालटतो. दादाने दाखवलेली नळी पांढरीशुभ्र होती.

"गॅस साफ आहे. मास्कबिस्क नको, बिनधास्त उघड. दुपारपर्यंत लाइन चालू झाली नाही, तर माझ्या बढतीवर पाणी पडेल."

सख्खा भाऊच तपासनीस, मग शंका घेईल तो मूर्ख! धाकट्याने गॅस उपसून ब्रेकरच्या टाकीचं झाकण काढलं मात्र, कुजक्या अंड्यांचा भपकारा आला, घसा पेटला, डोळ्यांना धारा लागल्या. आत पांढरी विषारी भुकटी साचली होती.

खोकत, धडपडत तो खोलीच्या दाराशी आला. तिथे दादाच्या पेटीवर ती नळी पडली होती. तिचं एकच टोक मोडलेलं होतं, दुसरं जसंच्या तसं बंद. गॅस तिच्यातून गेलाच नव्हता, मग रंग कुठून पालटणार?

"दोन्ही टोकं मोडायची, हे तूच शिकवलंस ना मला?"

"राहिलं असेल रे घाईत," दारात उभा दादा म्हणाला. आवाज घोगरा येत होता, कारण स्वतःचा मास्क त्याने कधीच चढवला होता.