आप्पांना विचारून घेतलेली गाडी

सुरतेत तापीचा पूर ओसरला आणि महिन्याभरानं पंडित पाटलांना, घरच्यांच्या आप्पांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणंही गेलं. एकच शब्द उरला: ‘हां’. पाणी हवं असलं तरी हां, नको असलं तरी हां. डोक्यात सगळं लख्ख असायचं, पण ओठांवर येईपर्यंत त्याचं ‘हां’ होऊन जायचं. कोणता हां कशासाठी, हे त्यांच्या बायकोला, सुंदराबाईंना, चेहऱ्यावरून बरंचसं कळे. बाकीच्यांना नाही.

डिंडोलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत गाडीचा विषय निघाला तेव्हा नव्याण्णव साल उजाडलं होतं. मुलगा योगराज एका शेठची गाडी चालवायचा. आता स्वतःची घ्यायची आणि लग्नसराईत धुळे, अमळनेरच्या बाजूला भाड्यानं फिरवायची, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. अडलं होतं ते नवी की जुनी, यावर.

“नवीच घ्या,” त्याची बायको धनश्री म्हणायची. “हप्त्यानं घेऊ. मी साड्यांना टिकल्या लावायचं काम वाढवते.”

“हप्ता चुकना तं गाडी उचली लई जातीन,” योगराज म्हणायचा. “लोटूकडे चांगली जुनी शे. रोखीमा भेटी राहिनी.”

लोटू म्हणजे त्यांच्या गावचाच माणूस. उधन्याला जुन्या गाड्यांची दलाली करायचा.

नवरा-बायकोचं काही जमेना. शेवटी योगराज म्हणाला, “आप्पा सांगतीन तसं.” मोठी गोष्ट आप्पांना विचारून करायची, ही त्या घरातली रीत होती. झटक्यानंतरही ती कोणी मोडली नव्हती.

रविवारी सकाळी लोटू गाडी घेऊन गल्लीत आला. आप्पांना दाराशी खुर्चीत बसवलं होतं. पांढरी गाडी, ताजा रंग, सीटांना नवी कव्हरं. आप्पांची नजर नंबरावर गेली आणि त्यांनी गाडी ओळखली.

अडाजणच्या ज्या सोसायटीत ते वॉचमन होते, तिथल्या एका साहेबांची ही गाडी. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांनीच तिच्यासाठी गेट उघडलं होतं. पुरात ती टपापर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर सीटखालचा गाळ आप्पांनीच घमेल्यानं उपसला होता. मग कोणीतरी भंगारवाला दोरीनं ओढत तिला घेऊन गेला होता.

“आप्पा, कशी शे गाडी?” योगराजनं विचारलं.

आप्पांनी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं. “हां.”

“लेवानी का?”

“हां! हां!” त्यांनी जोरानं मान हलवली. पण झटक्यापासून मान त्यांच्या ताब्यात नव्हती. ती नुसतीच पुढं लटपटली.

धनश्री घाईनं पुढं झाली. “आप्पा, नवी घ्यायची का?”

“हां.”

लोटू हसला. “काका तं दोन्ही लेवाले तयार शेत.”

सगळेच हसले. सुंदराबाई हसल्या नाहीत. “थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “त्यास्ले काही सांगनं शे.”

आप्पांनी डावा हात शेजारच्या पाण्याच्या तांब्याकडे नेला आणि तो उचलून गाडीकडे दाखवला. योगराजनं त्यांना उठवून धरलं, पाय ओढत गाडीपाशी नेलं. आप्पांनी उघड्या खिडकीतून तांब्या आत रिकामा केला. नवं कव्हर भिजलं. मग तांब्या टपावर आपटून ते ओरडले, “हां! हां!” पाणी, इथपर्यंत पाणी, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

सुंदराबाई त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

“पूजा करी राहिनात ते,” त्या म्हणाल्या. “पानी घालीसन आशीर्वाद दी राहिनात.”

त्या आत जाऊन कुंकू आणि नारळ घेऊन आल्या. “राहू द्या मग नवी,” धनश्री हळू आवाजात म्हणाली. “आप्पांना हीच आवडली.” आप्पा रडायला लागले. लोटूनं खिशातला रुमाल काढून त्यांचे गाल पुसले आणि म्हणाला, “पोरानी गाडी लिन्ही ना, आनंद वाटी राहिना.”

गाडी होळीपर्यंत बरी चालली. मग कधी दिवे जात, कधी चालू व्हायलाच तयार नसे. वैशाखात नवापूरजवळ वऱ्हाड घेऊन जाताना ती भर उन्हात बंद पडली. वऱ्हाडी शिव्या देत मिळेल त्या जीपनं निघून गेले. मेकॅनिकनं खालची मॅट उचलली तर पत्रा गंजून पापडासारखा झालेला, आणि सांदीत वाळलेला गाळ.

“आ तो रेलनी गाडी छे, भाई,” तो म्हणाला. पुरातली गाडी.

योगराजनं घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा सुंदराबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्या आप्पांकडे वळल्या. “पानी... ते पूरनं पानी व्हतं का?”

आप्पांनी डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळलं.

“माले समजनं नही,” सुंदराबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या.

लोटूनं हात वर केले. “जुनी गाडी शे, मी काय हमी दिन्ही व्हती?” योगराज त्याच्याशी भांडला, गावच्या चार जणांना मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. शेठनं त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर ठेवला होता.

पावसाळ्याआधी योगराजनं पत्र्याला रंग मारला, नवी मॅट टाकली. इच्छापोरला ठेकेदाराकडे काम करणारा विकास नावाचा वर्धेकडचा माणूस गाडी बघायला आला. सोबत बायको आणि कडेवर मूल. ते गल्लीत शिरताना दिसले तसं योगराजनं आप्पांची खुर्ची उचलून आत नेली. “ऊन शे, आप्पा,” तो म्हणाला. त्यांच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

बाहेरचं सगळं आत ऐकू येत होतं. “नवी घ्यायचं मनात होतं जी, पण झेपत नाही,” विकास सांगत होता. “घरची गाडी आहे,” योगराज म्हणत होता. “काही त्रास नाही.” मूल हॉर्न वाजवून खिदळत होतं.

आप्पांनी डाव्या हातानं सुंदराबाईंचं मनगट धरलं, घट्ट.

“जास, सांगस मी,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. उंबऱ्यापर्यंत गेल्या. दारात धनश्री उभी होती. तिनं सासूकडे पाहिलं, आणि बाजूला झाली नाही. तिच्या खांद्यावरून सुंदराबाईंना मुलगा दिसत होता. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हसायचा प्रयत्न करत असलेला.

त्या तिथंच उभ्या राहिल्या. बाहेर पैसे मोजून झाले, गाडी चालू झाली, गल्लीबाहेर पडली. मग त्या परत आल्या आणि आप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या. नवऱ्याकडे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.