पट्टीची कोरी बाजू

"चांगला बनियन होता तो. आणखी दोन महिने सहज निघाले असते."

ही कुरकुर माझ्या अगदी कानाशी झाली, कारण त्या बनियनात मीच गुंडाळलेली होते. बनियन उस्तादांचा आणि कुरकुर त्यांच्या बायकोची. उस्तादांनी मला डोक्यापासून टोकापर्यंत एकदा पुसले, बोटाला लागलेले तेल अंगठ्याने चोळून पाहिले, हुंगले, आणि तो डागाळलेला बनियन बायकोपुढे धरला.

"लालच आहे ना गं?"

तिने डागाकडे पाहिले. डाग काळपट तपकिरी होता आणि कडेला फिकट हिरवट. लाल म्हणावे असे त्यात काही नव्हते.

"हो," ती म्हणाली. "लालच."

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. मोटारीच्या गिअरबॉक्समधले तेल मोजायची पट्टी. हातभर लांब, करंगळीच्या नखाहून अरुंद, डोक्याला पिवळे कडे. बॉनेट उघडले की आधी दिसते ती माझी थोरली जाऊ, इंजिनाच्या तेलाची पट्टी. तिला दर आठवड्याला कोणी ना कोणी बाहेर काढते, पुसते, उजेडात धरून तिचे कौतुक करते. मी तिच्या मागे, खाली, रबरी नळ्यांच्या आड. आपल्या गाडीत मी आहे, हे कित्येक मालकांच्या गावीही नसते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाच्या लांबलचक फितीतून मला कापले. एका यंत्राने मला वाकायला शिकवले. दुसऱ्याने अंगावर दोन खुणा कोरल्या, एक 'कमी'ची आणि एक 'पुरे'ची. तिसऱ्याने असा ठोसा मारला की माझ्या एका बाजूवर कायमची अक्षरे उमटली: 'फक्त पट्ट्याच्या गिअरचे तेल. दुसरे वापरू नये.' दुसरी बाजू मात्र कोरीच राहिली. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि शेजारणीला म्हणाल्या, खोल उमटलीत हो, नुसत्या बोटालाही कळतील. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

आता हा पट्टा कोण, ते सांगते. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चक्रे असतात. माझ्या गाडीत त्यांच्या जागी दोन कप्प्या आहेत आणि त्यांवरून एक पोलादी पट्टा फिरतो. त्याला असे तेल लागते, जे त्याला थंडही ठेवते आणि घसरूही देत नाही. चक्रांच्या गिअरचे तेल याला पाजले तर पट्टा घसरू लागतो, घसरता घसरता झिजतो, आणि एके दिवशी गाडी रस्त्याच्या मधोमध नुसती गुरगुरत उभी राहते. कितीही दाबा, जागची हलत नाही. म्हणून तर माझ्या अंगावर लिहून ठेवले आहे.

पहिल्या मालकाकडे मी सहा वर्षे काढली. त्याने गाडी दर रविवारी चकचकीत धुतली, पण मला एकदाही बाहेर काढले नाही. मी माझ्या नळीत, तेलात बुडून, अंधारात पडून राहिले.

मग दोन वर्षांपूर्वी उस्ताद आले. चाळीस वर्षे त्यांनी गॅरेजात घालवली होती आणि आता ते लेकीसाठी गाडी शोधत होते. लेक नर्स. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुते, इंजेक्शने देते, नळ्या बदलते. रुग्ण तिला सिस्टर म्हणतात, म्हणून घरातही थट्टेने तिचे तेच नाव पडले. लहानपणी मोडलेला तिचा डावा पाय नीट सांधलाच नाही, त्यामुळे क्लच दाबणे तिला जमत नाही. तिला ऑटोमॅटिक गाडीच हवी होती. गाडी नसेल तर काम नाही, इतका सरळ हिशेब.

बाकीची माणसे सीटवर बसून पाहत होती, रंगावरून हात फिरवत होती. उस्तादांनी बॉनेट उघडले आणि हात थेट माझ्या कड्यात घातला. मित्रांनो, सहा वर्षांनी मी सूर्य पाहिला. त्यांनी मला नाकापाशी नेले. लोकांना वाटले, वास घेत आहेत. वास तर घेतलाच, पण मी त्यांच्या डोळ्यांच्या फार जवळ होते. ते डोळे माझ्यावरून फिरत होते आणि कुठेच थांबत नव्हते. मग त्यांनी तेल चिमटीत चोळले आणि मोठ्याने म्हणाले, तेल अजून गोड आहे, करपलेले नाही, गाडी घ्यायला हरकत नाही. मला परत ठेवताना नळीचे तोंड त्यांना दोनदा चुकले.

त्यांचे गुपित सगळ्यांत आधी मला कळले ते असे. आणि मला तोंड नाही.

एरवी त्यांच्या हातासारखा हात मी पाहिला नाही. बॉनेटवर ओणवे होऊन ते सिस्टरला गॅरेजातल्या गोष्टी सांगत, त्या ऐकून ऐकून मला पाठ झाल्या. त्यांच्या गॅरेजात एक रिवाज होता. कोणतेही तेल एकट्याने ओतायचे नाही. एकाने पट्टी हातात घ्यायची, दुसऱ्याने डबा. दुसऱ्याने विचारायचे, "गाडी काय मागते?" पहिल्याने पट्टीवरचे मोठ्याने वाचायचे. मग पहिल्याने विचारायचे, "डबा काय देतो?" दुसऱ्याने डब्यावरचे वाचायचे. दोन्ही जुळले तरच सील तोडायचे. एकट्या माणसाचा डोळा त्याला हवे तेच वाचतो, असे उस्ताद म्हणत. चाळीस वर्षांत आपल्या हातून एकही गिअरबॉक्स मेला नाही, हेही ते सांगत, आणि ते खरे होते. पट्ट्याचा गिअर मात्र त्यांनी कधी उघडला नव्हता. ते घरी बसले, त्यानंतर तो रस्त्यावर आला. त्यांच्या लेखी ऑटोमॅटिकचे तेल म्हणजे लाल तेल.

आठ महिन्यांपूर्वी सिस्टरने एकदा डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला होता. फार हळू, जखमेवरची पट्टी सोडवावी तसा. उस्ताद नुसते 'बघू' म्हणाले आणि तीन आठवडे हत्यारांच्या पेटीला शिवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिले. तेव्हापासून मायलेकींनी न बोलता एक करार केला. चहाच्या कपाचा कान त्यांच्या हाताशी येईल असा ठेवायचा. जिन्याची शेवटची पायरी आली की उगाच खोकायचे. वर्तमानपत्र सिस्टर मोठ्याने वाचून दाखवी, वर म्हणे की मनात वाचले तर तिच्या लक्षातच राहत नाही. आणि उस्ताद जो रंग म्हणतील तो रंग.

म्हणून तर त्या शनिवारी तपकिरी डागाला लाल म्हटले गेले. प्रेमाने म्हटले गेले. त्या एका 'हो'ने गिअरबॉक्सचा जीव धोक्यात घातला.

झाले होते असे, की महिनाभर गाडी चढावर निघताना थरथरू लागली होती. सिस्टरने ते सांगताच उस्ताद खुर्चीतून उठले. गिअरचे तेल बदलायला झालेय, म्हणाले, आणि कुठे न्यायची गरज नाही, मी करतो. त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी गॅरेज आले होते. ते ऐकून मायलेकींची तोंडे उजळली आणि लगेच उतरलीही. नको कसे म्हणणार?

सिस्टर त्यांना स्पेअर पार्टच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने गाडीशी येऊन विचारले, गिअर कुठल्या प्रकारचा आहे, पट्टीवर काय लिहिलेय? उस्ताद हसले. तुझ्या वडिलांना मी तेल ओतायला शिकवलंय, म्हणाले, लाल दे. त्याने लाल दिले. डब्यावर पुढे ठसठशीत लिहिले होते, 'सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी'.

रविवारी सकाळी इमारतीखालच्या सपाट जागेत काम निघाले. इंजिन थोडे गरम करून घेतले. पुढची चाके लोखंडी उतरणींवर चढवली. मला काढून, पुसून, त्याच बनियनात गुंडाळून बॅटरीवर ठेवले. उस्ताद पाठीवर सरकत गाडीखाली गेले, आणि पाना नटावर एका झटक्यात बसला. गाडीखाली डोळ्यांचे काही काम नव्हते. सगळे हातालाच ठाऊक होते. जुने तेल ट्रेमध्ये पडू लागले, तशी मला माझी नळी रिकामी होत गेल्याचे जाणवले.

आता परतीची वाट नव्हती. तेलाविना गाडी फाटकापर्यंतही गेली नसती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सिस्टरचा पहिला रुग्ण वाट पाहणार होता. त्याच्यामागे आणखी आठ.

तेवढ्यात सिस्टर आईच्या कानाशी लागली. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेय, ती कुजबुजली, की पट्ट्याच्या गिअरसाठी वापरू नये. आपला गिअर कसला आहे, आई? गाडीबरोबर पुस्तिका मिळालीच नव्हती.

आई म्हणाली, काल ते लाल नव्हतं गं.

सिस्टरची नजर बॅटरीवर गेली, माझ्यावर. ती लंगडत पुढे आली. तिने बनियनाची घडी हळूच उलगडली. मित्रांनो, अंगात जीव असता तर मी त्या क्षणी कूस बदलली असती! मी पडले होते ती नेमकी कोऱ्या बाजूने वर. तिचे बोट माझ्या कड्यात शिरले आणि गाडीखालून आवाज आला.

"पट्टीला हात नको, सिस्टर. धूळ लागते."

तिने बोट काढून घेतले. मी ठेवते पुसून, असे तिने बोलून पाहिले. उस्तादांनी, आपण काय मेलो आहोत का, असे हसत विचारले.

नटाला नवा वॉशर बसला, नट आवळला गेला. निघालेले तेल मापून झाले. तेवढेच नवे ओतायचे होते. उस्ताद बाहेर आले, हात पुसले आणि नरसाळे माझ्या नळीत बसवायला गेले. पहिल्यांदा ते बाजूच्या लोखंडावर खणकन आपटले. मायलेकी दोघीही एकदम दुसरीकडे पाहू लागल्या, जणू त्यांनी काही ऐकलेच नाही. दुसऱ्यांदा ते बसले. उस्तादांनी डबा उचलला. अंगठा झाकणाच्या सीलखाली गेला.

"बाबा," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज रुग्णाला सुई टोचण्याआधीचा होता. "रिवाज राहिला. गाडी काय मागते?"

उस्ताद थांबले. त्यांचा चेहरा असा फुलला की बघवेना. लेकीने त्यांच्या गॅरेजातला प्रश्न त्यांना विचारला होता. त्यांनी डबा काखेत धरला, मला बनियनातून उचलले, हात लांब करून उजेडात धरले, हनुवटी वर केली आणि खणखणीत आवाजात वाचले, "ऑटोमॅटिक गिअरचं तेल. लाल."

त्यांच्यासमोर माझी कोरी बाजू होती.

नरसाळ्याचे तोंड उघडे होते. लाल तेलाचा डबा काखेत होता. आई बनियन पिळत उभी होती. आता उस्तादांनी विचारायचे होते, डबा काय देतो, आणि सिस्टरने मागची बारीक अक्षरे वाचायची होती. मग त्यांना कळणार होते की तिला सगळे कळले आहे, आणि कदाचित पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ती भिंत.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कोणीतरी आड पडलेले असेल, ज्याच्या अंगावर सगळे लिहिलेले आहे आणि जे कोणी उलटून पाहत नाही. काही ओतण्याआधी तेवढे बघत जा. रंगावर जाऊ नका, सवयीवर जाऊ नका. आणि घरातल्या कोणाला दिसेनासे झाले असेल, तर त्याच्या तपकिरीला लाल म्हणू नका. ते सोपे असते, मला ठाऊक आहे. पण अशा शब्दांनी पोलादी पट्टेसुद्धा घसरतात.

उस्ताद पुढचा प्रश्न विचारणार, इतक्यात मी त्यांच्या चिमटीत जराशी फिरले. तेलाने निसरडी होते, दुसरे काय! त्यांचा अंगठा माझ्या मागच्या बाजूवर आला आणि थबकला.

त्या अंगठ्याने चाळीस वर्षांत केसाएवढी चीरही सोडली नव्हती. तो पहिल्या अक्षरावर टेकला. मग पुढच्या. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेला आणि परत आला. तिथे काहीतरी लिहिलेले होते. मग त्यांनी पुढच्या बाजूवरून बोट फिरवले, जिथून ते एवढ्या मोठ्याने वाचून मोकळे झाले होते. तिथे आरशासारखे गुळगुळीत होते.

त्यांनी मान वर केली नाही. आजूबाजूला कोणी हसले नव्हते, कोणी बोलले नव्हते. ती शांतता किती जुनी आहे, ते त्यांना तेव्हा कळले असावे.

काखेतला डबा त्यांनी खाली ठेवला. सील शाबूत होते. मग मला कड्याकडून लेकीपुढे धरले, अक्षरांची बाजू वर करून.

"बाळा," ते म्हणाले, "मला दिसत नाही. तू वाच."